दोन जावई, एक होडी आणि पाण्यात न दिसणारा दोरा

ताजी बातमी अशी की, आमच्या सासऱ्यांच्या रबरी होडीतली दुसरी जागा पावसाआधीच्या शेवटच्या फेरीत कुणाला मिळणार, हे अजून ठरलेलं नाही. सासूबाईंनी आज सकाळी फोनवर याला दुजोरा दिला. सासरे शेजारीच बसले होते, पण त्यांनी या विषयावर बोलायला नकार दिला. टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला.

होडीत दोनच माणसं मावतात. एक बाबा, म्हणजे माझे सासरे. दुसऱ्या जागेसाठी आम्ही दोघं जावई: थोरला मी, आणि धाकटा हेमंत, माझा साडू. गेल्या आठवड्यात आम्ही तिघं पानशेतच्या पलीकडे, धरणाच्या मागच्या पाण्यावर दोन दिवस मरळ पकडायला गेलो होतो. त्या दोन दिवसांत मी होडीत एकदाही बसलो नाही. तरीही हे प्रवासवर्णन मीच लिहितोय, कारण काठावर बसलेल्या माणसाला सगळं नीट दिसतं. नको तेही दिसतं.

ज्यांना मासेमारीत रस नाही त्यांना वाटेल, एका रबरी होडीसाठी एवढं काय? तर त्याचं कारण असं. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे, तळ्यांच्या मुलखातले. सरकारी नोकरीत पुण्याला आले ते इथलेच झाले. घरात ते बोलत नाहीत. रागीट वगैरे नाहीत, नुसते गप्प असतात. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण माझ्याशी त्यांचं बोलणं 'या', 'बसा', 'चहा घेतला का' आणि 'निघाले का' यापलीकडे फारसं गेलेलं नाही. मात्र होडीत बसले की ते बोलतात, असं कुटुंबात सर्वमान्य आहे. पाण्यावर त्यांची जीभ सुटते. म्हणजे ती जागा नुसती मासे पकडायची नाही. बाबा तुमच्याशी बोलतील अशी जगात ती एकच जागा आहे. आणि गेल्या वर्षापर्यंत तिथं बाबांचे एक जुने सहकारी बसायचे. आता त्यांचे गुडघे गेलेत. जागा रिकामी झाली.

मी तयारीला लागलो. मी पेपरच्या डेस्कवर काम करतो. माहिती काढणं, ताडून पाहणं आणि वेळेत हातावेगळं करणं हेच काम. बाबा मरळीला जिग टाकतात, हे मला ठाऊक होतं. जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, त्याला रबरी धाग्यांचा झगा. तो तळाला टेकवायचा, थोडा उचलायचा, परत टेकवायचा. मासा आला की दोऱ्यातून हाताला एक बारीक टिचकी कळते. ती कळली तर मासा, नाही तर नुसतं ऊन. म्हणून जिगमध्ये काठीपेक्षा, रिळापेक्षा दोरा महत्त्वाचा. हे मी अमेरिकेतल्या बास नावाच्या माशाच्या व्हिडिओंवरून शिकलो. शेवटचं पान छपाईला सुटायची वाट बघताना ऑफिसात मी असे किती व्हिडिओ पाहिले, ते संपादकांनी न विचारलेलं बरं.

कॅम्पात एका गल्लीत मासेमारीच्या सामानाचं छोटं दुकान आहे. मी गेलो तेव्हा मालक रिळावर तेल सोडत होते.

"बाससाठी जिग वापरतात ना, त्यासाठी दोरा हवाय," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. "बास कुठं पाहिलात?"

"पाहिला नाही. व्हिडिओत..."

"मग व्हिडिओतच पकडा की. इथं मरळ मिळते, चिलापी मिळते. जो मासा आपल्याकडे नाही, त्याचा दोरा मी कुठून देऊ?"

पुण्यात दुकानदाराने एवढं बोलणं म्हणजे स्वागतच. मग मात्र त्यांनी तिन्ही प्रकार काउंटरवर मांडले. जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पहिला साधा नायलॉनचा, ज्याला आपण तंगूस म्हणतो. स्वस्त, पण ओढला की रबरासारखा ताणतो, त्यामुळे माशाची टिचकी वाटेतच विरते. दुसरा विणलेला दोरा, बारीक बारीक धागे गोफासारखे गुंफलेले. अजिबात ताणत नाही. घट्ट धरला तर माशाने श्वास घेतलेलाही कळेल असं म्हणतात. पण पाण्यात लांबून दिसतो, आणि दगडाला घासला की त्याचे धागे सुटतात. तिसरा फ्लोरोकार्बन. काचेसारखा पारदर्शक, पाण्यात जवळजवळ दिसत नाही, बुडतो आणि दगडाला टिकतो. पण कडक असतो.

मी अर्थातच फ्लोरोकार्बन घेतला. जाड घेतला, कारण व्हिडिओतला माणूस जाड वापरत होता.

"रीळ कुठलं आहे?" मालकांनी विचारलं.

मी फोटो दाखवला. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "छोट्या रिळावर जाड घालू नका. उसळून बाहेर येईल."

मी म्हणालो, "बघतो." त्यांनी पिशवी दिली. म्हणाले, "बघाच."

शनिवारी सकाळी बिबवेवाडीहून रिक्षाने स्वारगेट आणि तिथून बसने वारज्याला पोचलो. बाबा वारज्याला राहतात, दुसऱ्या मजल्यावर. हेमंत पलीकडच्याच इमारतीत. मी शहर ओलांडून जातो आणि तो चपला घालून येतो. मी पोचलो तेव्हा तो आधीच बाबांच्या स्वयंपाकघरात पोहे खात होता.

"जय भीम, बाबा."

"जय भीम. या. बसा. चहा घेतला का?"

झालं. वर्षाचा कोटा संपला, असं मला वाटलं. पण त्या दिवशी बाबांनी आणखी एक वाक्य उच्चारलं. "दोरे आणले का? मंग गॅलरीत चला."

बाबांची एक पद्धत आहे, ती आम्हाला त्याच दिवशी कळली. होडीत नवा माणूस घ्यायचा तर ते आधी त्याचा दोरा आणि हात तपासतात. त्या माणसाने गॅलरीत उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि दोऱ्याला जिग बांधून खाली पार्किंगमध्ये सोडायचा. खाली बाबा उभे. ते मनात येईल तेव्हा जिगवर नखाने टिचकी मारतात. वरच्याने ती कळली की 'हं' म्हणायचं. बस. लहानपणी भंडाऱ्याला विहिरीच्या काठावर त्यांची अशीच परीक्षा झाली होती म्हणे. हे मला नंतर हेमंतकडून कळलं. सगळंच मला हेमंतकडून कळतं.

पहिला नंबर त्याचा. त्याचा दोरा विणलेला, पोपटी रंगाचा, डोळ्यांत भरणारा. "का घेतला हा?" मी विचारलं होतं. तो म्हणाला, "दादा, कलर मस्त आहे ना." मी महिनाभर अभ्यास केला होता आणि याने रंग पाहून घेतला होता.

त्याने डोळे मिटले. "हं." थोड्या वेळाने, "हं." मग लगोलग दोन, "हं, हं." खालून बाबांचा आवाज आला, "वा!" अठरा वर्षांत मी हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

मग मी. रीळ उघडलं, तर दुकानदार म्हणाले होते तसंच झालं. जाड दोरा स्प्रिंगसारखी वेटोळी करत बाहेर उसळला. एक वेटोळं खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या दुपट्ट्यात अडकलं. ते सोडवेपर्यंत त्या गॅलरीत आल्या. "काय पकडताय?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हणालो. "ते दिसतंय," त्या म्हणाल्या.

डोळे मिटले. पहिली टिचकी कळली, दुसरीही कळली. तिसरी बहुधा हुकली. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं आपल्या लक्षात आली नसेल, म्हणून जरा लवकरच म्हणून टाकलं, "हं!"

मग बाबा म्हणाले, "मी तं काहीच नाही केलं, जवाईबापू."

हेमंत हसला नाही. त्याने नजर दुसरीकडे वळवली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

बाबा जिना चढून वर आले. "टिचकी हुकली तं चालते. मासा परत येते. पण मासा नसताना हाय म्हणणारा माणूस होडीत नको." मग म्हणाले, "पेपरवाल्यांची सवय असन."

अशा रीतीने होडीतली जागा हेमंतला गेली. मी काठावरून टाकायचं ठरलं.

हेमंतच्या गाडीने निघालो. वारज्याहून जाणार असाल तर शिवण्याचा पूल ओलांडून नांदेड फाट्याला सिंहगड रस्ता धरा, धायरीची गर्दी टळते. मात्र खडकवासल्याच्या चौपाटीवर सुट्टीच्या दिवशी उशीर केलात तर कणीसवाल्यांमध्ये अर्धा तास जाईल. सकाळी लवकर निघा. डोणजे फाट्याला सिंहगडाची गर्दी वर वळते आणि पुढचा रस्ता एकदम आपला होतो. खानापूरला पिठलं-भाकरी खाल्ली. भाकरी चुलीवरची, ठेचा मागून घ्यावा लागतो. पुढे रस्ता अरुंद आहे, वळणांवर समोरून एसटी येते आणि ती थांबत नाही, तुम्ही थांबायचं. पेट्रोल आणि रोख पैसे आधीच घेऊन ठेवा, कारण पुढे मोबाइलची रेंज येते-जाते आणि फोनवरून पैसे देणं रेंजवर अवलंबून.

बाबा पुढे बसले होते. मी मागे, होडीच्या पिशवीला टेकून. दोघं बोलत नव्हते, याचं मला बरं वाटत होतं.

जागेचं नाव मी लिहिणार नाही, ही बाबांची अट आहे. एवढं सांगतो की तिथं उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणात गेलेल्या एका वाडीच्या दगडी भिंती वर येतात. अर्ध्या पाण्यात, अर्ध्या बाहेर. चौथरे दिसतात, एका घराचा उंबरा दिसतो. त्या भिंतींच्या कडेला मरळ दबा धरून असते. जाणाऱ्यांनी मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे आहे त्या स्थानिक मंडळींची परवानगी आधी घ्यावी. तळ खोल-उथळ आहे, लाइफ जॅकेटशिवाय उतरू नये. राहायला शांताबाईंचं घर आहे. दोन खोल्या, अंगण, आणि सांगाल ते जेवण. बाबा वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच उतरतात.

दुपार कलल्यावर होडी फुगवली. पायपंप मी मारला. हेमंत आणि बाबा बसले आणि वल्ही मारत भिंतींकडे गेले. मी काठावर एका खडकावर बसून माझी वेटोळी सोडवत राहिलो.

पाण्यावरून आवाज फार लांब येतो, शब्द मात्र येत नाहीत. बाबांचा आवाज येत होता, सलग आणि न थांबता. मध्येच हसणं. बाबांना हसताना मी ऐकलं होतं का कधी? ज्योत्स्नाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, बारशाचा किस्सा सासूबाई सांगतात तेव्हा ते गालात हसतात. पण हे मोकळं, पोटातून हसणं होतं, आणि त्याच्या समोर हेमंत बसला होता. मी दोन वेळा जिग टाकला. दोन्ही वेळा दोरा रिळावरून उसळला. तिसऱ्यांदा टाकला नाही.

शांताबाई घागर घेऊन खाली आल्या आणि होडीकडे पाहत राहिल्या.

"ते नवं जावई वाटतं होडीत?"

"हो."

"आन् तुमी?"

"मी थोरला."

"थोरलं?" त्यांनी घागर कमरेवर घेतली. "मंग हितं कसं?"

मी पुढचं वेटोळं सोडवायला घेतलं. त्या गेल्या.

ऊन उतरल्यावर होडी परत आली. मासा नव्हता. उलट हेमंतचे तीन जिग गेले होते. मरळ दोनदा लागली, पण दोन्ही वेळा भिंतीच्या दगडाला घासून पोपटी दोरा तुटला. तिसरा नुसता अडकून गेला. मला आनंद झाला. लपवत नाही. फार मोठा नव्हे, चहाबरोबर खारी मिळाल्यावर होतो तेवढा. मग अंगणात हातपाय धुताना हेमंत म्हणाला, "दादा, बाबांनी प्रमोशन सोडलं होतं, माहिती आहे का तुम्हाला?"

"कसलं प्रमोशन?"

"अहो, मुंबईला बढती देत होते त्यांना. नाही म्हणाले. तिथं तळं नाही, धरण नाही, मी काय करू, म्हणाले. आईंनासुद्धा बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. आज सांगत होते, इतके हसत होते!"

बाबांच्या निवृत्तीला त्यांच्या कार्यालयाने स्मरणिका काढली होती. तिच्यातला त्यांच्यावरचा लेख मी लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं: 'डावललं गेल्याची खंत त्यांनी कधी बोलून दाखवली नाही.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. समारंभात टाळ्याही पडल्या होत्या. बाबा पहिल्या रांगेत बसून ऐकत होते, आणि त्यांनी तेव्हा काही म्हटलं नाही. घरातली बातमी माझ्या हातून सुटली होती आणि रंग बघून दोरा घेणाऱ्या माणसाला ती एका दुपारी मिळाली.

एक सांगायलाच हवं, हेमंत चांगला माणूस आहे. हीच माझी अडचण आहे. तो थोडासा तरी आगाऊ असता तर मला सोपं गेलं असतं.

अंगणात खाटेवर बसून बाबांनी पोपटी दोऱ्याचं टोक नखांमधून ओढून पाहिलं. ते झाडूसारखं विस्कटलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जवाईबापू, तुमचा तो काचेवाणी दोरा आणा."

मी रीळ आणलं. त्यांनी दोन्ही हात पसरून एक वाव मोजला. "एवढा तोडा. याच्या दोऱ्याच्या टोकाले लावू. टिचकी त्याचा दोरा सांगते, दगड तुमचा दोरा सोसते."

तर जिगसाठी कुठला दोरा, याचं उत्तर महिनाभर व्हिडिओ पाहून मी शोधत होतो ते हे होतं. मुख्य दोरा विणलेला, आणि पुढे टोकाला वावभर फ्लोरोकार्बन. ज्यांना फक्त एवढीच माहिती हवी होती त्यांनी इथं वाचन थांबवायला हरकत नाही.

पण दोन वेगळ्या जातीचे दोरे जोडणं सोपं नसतं. एक गुळगुळीत आणि कडक, एक मऊ आणि बारीक. साधी गाठ घसरते. हेमंतने मारली, ओढली, सुटली. परत मारली, सुटली. बाबांचे हात अशा बारीक कामाला आता थरथरतात. त्यांनी प्रयत्न केला नाही, दोरे मांडीवर ठेवून नुसते बसले.

ती गाठ मला येत होती. ऑफिसात, पानाची वाट बघताना, टेबलाखाली दोरे धरून मी ती शिकलो होतो. जाड दोरा दुमडून त्याचा फासा करायचा, बारीक दोरा त्यातून आत घ्यायचा, फाशाभोवती सात वेढे वर, परत तितकेच वेढे खाली, आणि ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने बाहेर. मग सगळ्यात महत्त्वाचं: आवळण्याआधी गाठ तोंडात धरून थुंकीने ओली करायची. फ्लोरोकार्बन कोरडा आवळला की घासून तापतो आणि आतून कमजोर होतो. दिसायला गाठ सुंदर, पण मासा लागला की जाते. ओली करून हळूहळू आवळली की दोन्ही दोरे एकमेकांत रुतून बसतात.

मी गाठ मारली. शांताबाईंची बादली पाण्याने भरली, दोरा तिच्या कडीला बांधला आणि बाबांनी उचलून पाहिली. बादली वर आली. गाठ जागची हलली नाही.

"हं," बाबा म्हणाले.

टिचकी न मारता आलेला तो 'हं' मी फार वेळ मनात घोळवला. मला खात्री वाटली की उद्या होडीत मी असणार.

सकाळी उठलो तेव्हा हेमंत लाइफ जॅकेट घालून उभा होता. बाबा म्हणाले, "रीळ त्याचं हाय, दोरा त्याच्या रिळावर हाय. तो बसन." यात चूक काढता येत नव्हती. मी परत पंप मारला.

सूर्य डोंगरावर यायच्या आत ते भिंतींपाशी पोचले. मी त्याच खडकावर. या वेळी मी काठी उघडलीच नाही. बराच वेळ काही नाही. मग हेमंतची काठी एकदम वाकली आणि होडी गर्रकन वळली. मासा उंबऱ्याच्या बाजूने भिंतीच्या आत शिरला. मला काठावरून दिसत होतं, दोरा दगडाच्या कडेवरून जात होता. काल दोन वेळा तुटला ती हीच कडा. मी उभा राहिलो. मला काय हवं होतं ते त्या क्षणी मला नक्की सांगता आलं नसतं. दोरा तुटला तर हेमंतचा मासा जाणार. दोरा टिकला तर माझी गाठ टिकली, पण मासा हेमंतचा.

"ढील दे, ढील!" मी ओरडलो. म्हणजे काय हवं होतं ते बहुधा तेव्हाच ठरलं.

टिकला. मरळ बाहेर आली, काळी, लांब, अंगावर सापासारखी नक्षी. तीन किलोच्या आसपास. हेमंत चार म्हणतो. बाबांनी त्याची पाठ थोपटली. ते दोघं काठाला आले, मासा दोघांनी मिळून धरला आणि बाबा म्हणाले, "जवाईबापू, फोटो काढा."

मी काढला. चांगला आला. मागे डोंगर, मध्ये मासा, दोन्ही बाजूंना दोन हसरे चेहरे. थोडी रेंज मिळाल्यावर हेमंतने तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा, टाळ्यांचा पाऊस. सासूबाईंनी लिहिलं, 'हेमंतने नाव काढलं.' ज्योत्स्नाने मला वेगळा मेसेज पाठवला: 'तुम्ही कुठे आहात?' मी लिहिलं, 'फोटो काढतोय.'

नंतर मी तो वावभर तुकडा हातात घेऊन पाहिला. दगडाने घासून तो पांढरा पडला होता, बोटाला पॉलिशपेपरसारखा खरखरीत लागत होता. पण शाबूत होता, आणि गाठ जशीच्या तशी. फोटोत तो दिसत नाही. मोठा करूनही दिसत नाही. ज्या दोऱ्याची सगळी कीर्तीच मुळी न दिसण्याची, त्याने फोटोत दिसायचा हट्ट धरू नये हे मला कळतं. पण कळण्याने फार फरक पडत नाही.

दुपारी शांताबाईंनी रस्सा केला. भात, भाकरी, कांदा. माशाचं मुंडकं मानाच्या माणसाला द्यायचं असतं. बाबांनी ते हेमंतच्या ताटात वाढलं. हेमंतने ते उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं. "दादा, तुमच्या दोऱ्याने आलाय."

बाबा भात कालवत राहिले. मी मुंडकं खाल्लं. चव उत्तम होती, आणि हेमंतबद्दलचा माझा राग आणखी वाढला, कारण आता त्याला कारणच उरलं नव्हतं.

परतीला संध्याकाळ गाठू नका. खडकवासल्याला सगळं पुणं भजी खायला आलेलं असतं. आम्ही गाठली आणि तासभर अडकलो. वारज्याला पोचल्यावर मी माझी पिशवी उचलली, तेव्हा बाबा म्हणाले, "ते रीळ इथंच राहू द्या." दोऱ्याचं रीळ ठेवून घेतलं, माणसाला म्हणाले, "निघाले का?" बसने स्वारगेटला येईपर्यंत मी या वाक्याचा विचार करत होतो.

घरी आलो त्याला आठवडा झाला. काय राहिलं म्हणाल तर मान भाजलीय, ती साल सोडतेय. खानापूरचा ठेचा आठवतो. आणि पाण्यावरून येणारा, शब्द नसलेला बाबांचा आवाज. ऑफिसात पान सुटायची वाट बघताना मी आता व्हिडिओ बघत नाही. बाबा काय सांगत असतील याचा अंदाज करत बसतो. डेस्कवरच्या माणसाने अंदाज करू नये, पण माझ्याकडे दुसरा स्रोत एकच आहे, आणि तो माझा साडू आहे.

मग परवा ज्योत्स्ना वारज्याला जाऊन आली. तिने तिच्या पद्धतीने सरळ विचारलं होतं, "बाबा, पुढच्या फेरीला कोण?" बाबा म्हणाले, "टोकाचा दोरा दोन मासे झाले की झिजते. होडीतच नवा बांधाले लागते. ज्याले गाठ येते तो बसन."

ती गाठ आमच्यात मला एकट्यालाच येते. परवाची रात्र मला छान झोप लागली.

काल हेमंतचा फोन आला. "दादा, रविवारी मोकळे आहात का? ती गाठ शिकवता का मला? मी तीन दिवस घरी ट्राय करतोय, प्रत्येक वेळी तुटतेय. दिसायला एकदम परफेक्ट दिसते हो, पण ओढली की जाते."

दिसायला सुंदर, ओढली की जाते. म्हणजे तो कोरडी आवळतोय. व्हिडिओत बोटं दिसतात, तोंड दिसत नाही.

मी म्हणालो, "ये की. सकाळी ये, नाश्त्यालाच ये." दुसरं काय म्हणणार? त्याने माझ्या ताटात मुंडकं ठेवलं होतं.

फोन ठेवला तर ज्योत्स्ना दारात उभी. "काय म्हणाला?"

"गाठ शिकायला येतोय."

"शिकवणार?"

"शिकवणार ना. फासा, सात वेढे वर, सात खाली, त्याच बाजूने बाहेर."

"आणि?"

"आणि काय? आवळायची."

तिने माझ्याकडे बघितलं. बाबांची मुलगी आहे, न बोलता बघता येतं तिला. "आणि थुंकी?"

हेमंत रविवारी सकाळी दहाला बिबवेवाडीत पोचेल अशी अपेक्षा आहे. येताना तो पोपटी दोरा आणेल, फ्लोरोकार्बन कॅम्पातून मी नवा आणून ठेवलाय, या वेळी बारीक. पोहे होतील. त्यानंतर गाठ शिकवली जाईल. ती पूर्ण शिकवली जाईल की थोडी कमी, याबद्दल मी आज काही सांगू शकत नाही. मात्र ज्योत्स्नाने आत्ताच जाहीर केलंय की ती आमच्या दोघांच्या मधोमध खुर्ची टाकून बसणार आहे.